पाचवं बोट

बेबामावशीच्या घरात टीव्ही मीच घुसवला. आधीच कबूल करतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा सुकदेव स्वतः नामानिराळा राहून मावशीचं सांगतोय. पिंपळनेरला माझं रेडिओ-टीव्हीचं दुकान. धंदा नवा होता आणि नव्या धंद्यात आधी नातेवाईक गाठायचे असतात. मावशी तर सख्खी, आईच्या पाठची. तिचं शिरसोंडी माझ्या दुकानापासून तीन कोस. एकोणनव्वदच्या दिवाळीत मी बैलगाडीत गवत घालून त्यावर ब्लॅक अँड व्हाइट सेट ठेवला आणि थेट तिच्या ओट्यावर नेऊन उतरवला.

"हाई डबडं कसाले आनं रे सुका?" मावशी म्हणाली.

"बघ तर खरं," म्हटलं.

पाइपाला पाइप जोडून चाळीस फुटांवर अँटेना चढवली, खाली बूस्टर लावला. तासभर नुसत्या मुंग्या. मग मुंग्यांतून एक बाई निघाली आणि हसून साबणाबद्दल काहीतरी सांगायला लागली. मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. परकं माणूस घरात आल्यावर करतात तसा. मी पोट धरून हसलो. माझी एक वाईट खोड आहे, मी नको तिथं हसतो. पुढं कळेलच.

आता मावशी कोण, हे सांगायला हवं. शिरसोंडीत कोणाचं भांडण उभं राहिलं तर लोक आधी विचारायचे, बेबाबाई कोणाच्या बाजूनं? आवाज असा की कांद्याच्या वावरातून हाक मारली तर घरातलं मांजर उठून बसायचं. पण तिचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते तिच्या सासूशी, आणि तेही एका बोटासाठी.

आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण सकाळी आधी पितरांचं असतं. कुंभाराकडची लाल घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोऱ्या ठेवायच्या. मग उंबरठा धुऊन, कुंकू कालवून, घरातल्या गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि उंबरठ्यावर एकेक बोट ओढायचं. नाव घेतलं की ते माणूस दाराशी येतं. त्यानंतर विस्तवावर त्यांच्या नावाचा घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. घास घेऊन पितर परततात, ते पुढच्या आखाजीपर्यंत फिरकत नाहीत.

मावशीची थोरली मंदा सत्तर साली तापानं गेली. नऊ वर्षांची होती. मीही तेव्हा नऊचाच, आमचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही आणि दिवसातून दोनदा मारामारी झाल्याशिवाय भाकरही उतरायची नाही. पुढच्या आखाजीला सासूनं बोटं ओढली, वाटी बाजूला ठेवली. मावशी म्हणाली, मंदाचं राहिलं. सासू म्हणाली, बिनलग्नाच्या पोरीचं बोट नसतं, तिला ना गोत ना घर.

तर ही बाई काय करते? उंबरठ्यावरच जाऊन बसते. आत कोणी येईना, बाहेर कोणी जाईना. आगारीचा विस्तव विझायला आला. "पोर मन्ही शे. बोट मी ओढसू," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दुपार कलायला लागली तेव्हा सासरा भुकेनं कावून म्हणाला, "ओढू दे व तिले!" तेव्हापासून मंदाचं बोट चालू झालं. एकही आखाजी चुकली नाही. सासू-सासरे गेले, त्यांच्या आधीच्यांची बोटं मागं पडली, दीर गेला, पंच्याऐंशीत मावशीचा नवरा, आमचे काका, गेले. उंबरठ्यावर बोटं झाली पाच. पाचवं मंदाचं, आणि ते कायम मावशीच्या हातचं. तिच्याशिवाय ते ओढायचं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मंदाचा फोटो नव्हता. त्या काळी आमच्यात पोरीचा फोटो कोण काढतो?

तर अशा घरात मी टीव्ही नेला.

पहिलं वर्ष मावशी लांबून बघायची. दुसऱ्या वर्षी जवळून. तिसऱ्या वर्षी वावरातून घरी यायची वेळ टीव्हीवर ठरायला लागली. मी खूश! कारण टीव्हीच्या मागोमाग बाकीचं सगळं यायला लागलं. जाहिरातीतल्या बाईकडं होता तसा फुलांचा थर्मास. तसाच चहाचा सेट. तशीच प्लास्टिकची बरणी, तसाच जग. निंबाची काडी गेली, ट्यूब आली. नातवंडं शेवयांना नाक मुरडून पाकिटातल्या पिवळ्या शेवया मागायला लागली. मावशी शनिवारी बाजाराला आली की आधी माझ्या दुकानात, "सुका, ती बाई आंबाना रस काढस ते यंत्र तुन्हाकडे शे का?" नसलं तर मी धुळ्याहून मागवायचो.

एकदा म्हणाली, मांडणीवर पितळेची जुनी भांडी बरी दिसत नाहीत. मी म्हटलं, मोडीत घाल ना, त्यात नवं येईल. तिनं घातली. त्यात एक छोटा गडू होता, काठाला चेपलेला. मंदा त्यातच पाणी प्यायची, दुसऱ्या भांड्याला तोंड लावायची नाही. मला ठाऊक होतं. मावशीला तर होतंच. तरी तो गडू गेला आणि त्याच्या जागी निळा प्लास्टिकचा जग आला. दोघांनाही काही वाटलं नाही. आज हे सांगताना मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटतं.

आणि मग ती अचला. रविवारी सकाळी एक हिंदी मालिका लागायची, तिच्यातली सून. मोठं घर, मोठी टिकली, सगळे तिला छळायचे आणि ती सोसायची. मावशीला हिंदी अर्धंच कळायचं, पण अचलाचं पुरतं कळायचं. "बिचारी आज जेवनी नही," असं भाजी चिरता चिरता सांगायची. सूनबाई सुमनला पहिल्यांदा कळायचंच नाही की कोण जेवलं नाही.

ब्याण्णवच्या चैत्रात, आखाजीच्या जरा आधी, ती अचला मालिकेत मेली. मावशी तडक उठली, परसात गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. सुतकाची बातमी आल्यावर घेतात तसं! त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. जीवराम, तिचा मुलगा, मला दुकानात येऊन कपाळ बडवत सांगून गेला. मी काय केलं? आखाजीपर्यंत रोज ते गिऱ्हाइकांना सांगितलं. "आमची मावशी बघा, पडद्यावरच्या बाईसाठी अंघोळ करते. चित्र इतकं साफ येतं!" त्यावर दोन सेट विकले.

आखाजीला मावशीनं मला जेवायला बोलावलं होतं. माझी आई गेल्यापासून दरसाल बोलवायची. घरात शिरलो तर मधल्या घरात टीव्ही मोठ्यानं चालू, नातवंडं त्याच्यासमोर. घागरीवर डांगर होतं, आंबा होता आणि सांजोऱ्यांच्या जागी क्रीमच्या बिस्किटांचा पुडा! सुमन माझ्याकडं बघून गालात हसली. मावशी म्हणाली, "दरसाल तेच खातस. या साले पितर भी नवं खावोत."

उंबरठा धुतलेला. मावशी वाटी घेऊन बसली. बोट बुडवलं, ओढलं. "सासरा." ओढलं. "सासू." ओढलं. "देर." मग जरा थांबून, "जीवरामना बाप." नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नाही, तो गेल्यावरही नाही. आतून टीव्हीवर कुठल्यातरी पावडरीची जाहिरात लागली. मावशीनं पाचव्यांदा बोट बुडवलं, ओढलं, आणि म्हणाली,

"अचला."

पोरं फिस्सकन हसली. सुमननं पदर तोंडाला लावला. आणि मी? मी तर भिंतीला टेकून खदाखदा हसलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मावशी आधी भांबावली, मग तीही लाजून हसली. "जाऊ द्या, तिन्हं भी कोन शे आते?" म्हणाली. आगारी दिली. पानं वाढली. सगळं होतं तसं पुढं चाललं.

आम्ही रसपुरी खात होतो. मावशी दाराकडं तोंड करून बसलेली. पहिला घास तिच्या हातातच राहिला. मला वाटलं ठसका लागला. ती उंबरठ्याकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. दरसाल होती तेवढीच. हिशोब बरोबर होता, म्हणून तर आमच्यातल्या कोणाच्याही काही ध्यानात आलं नाही.

"पाचवं कोनं ओढं मी?" तिनं विचारलं.

मी तोंडातली पुरी पानाच्या कडेला काढून ठेवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मंदाचं नाव त्या दारात घेतलं गेलं नव्हतं. मी, तिच्याबरोबर वाढलेलो, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि हसत होतो.

मावशी उठली ती खरकट्या हातानंच. उंबरठ्याशी बसून त्या पाचव्या बोटावर हात फिरवायला लागली, पण पुसेना. मग ओरडली. मी तिला नवऱ्याच्या वेळीही तसं ओरडताना ऐकलं नव्हतं. "मन्ही पोर दारशी उभी व्हती रे! तिनं दुसरीनं नाव आयकं! मी तिले दार लाई दिनं!"

जीवराम धावत जाऊन शेजारच्या पुनाआबांना घेऊन आला. गल्लीतले जाणते तेच. मावशीनं विचारलं, सहावं बोट ओढू का? आता ओढू का? आबांनी विचारलं, "आगारी दिधी का व माय?" दिली होती. आबांनी मान खाली घातली. "मग आते पुढली आखाजी."

पुढची आखाजी! एक वर्ष! मला काही सुचलं नाही की मी मूर्खासारखं बोलतो. म्हटलं, "अगं मावशी, एका बोटासाठी इतकं काय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग ती आत गेली, टीव्हीचा खटका दाबला आणि अंथरुणावरची गोधडी काढून त्याच्यावर टाकली. पोरं रडायला लागली. जीवराम म्हणाला, "माय, त्यानं काय केलं? तो आपला आहे, आपण चालवतो तेव्हा चालतो." मावशी म्हणाली, "आज कोनता दिन शे?" आमच्याकडं सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीपासून आखाजीपर्यंत असतं. जुना सालदार त्या दिवशी मोकळा होतो. "तीन साल मी याना घर राबनी," ती म्हणाली. "तो म्हने बस, मी बसनी. तो म्हने हाई ले, मी लिनं. तो म्हने रड, मी रडनी. मालक तो, सालदार मी. आज मन्हं साल भरनं."

मला राग आला. खरंच सांगतो, त्या वेळी मला माझ्या धंद्याचा विचार आला. शिरसोंडीत हे पसरलं तर कोण घेईल टीव्ही? मी जेवण अर्धं टाकून निघून आलो.

पसरलं तर खरंच. लोकांनी चेष्टा केली, बेबाबाईनं डब्याचं सुतक धरलं म्हणाले. नातवंडं शेजारी जाऊन बघायला लागली, तिनं अडवलं नाही. "तुम्हना तुम्ही दखा, मन्हा डबडावर गोधडी ऱ्हाऊ द्या," एवढंच. थर्मास, यंत्र, चहाचा सेट तिनं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. शनिवारी बाजाराला यायची, माझ्या दुकानावरून जायची, पण वर चढायची नाही. मोडवाल्याकडं मात्र जायची. दरवेळी एकच विचारायची, काठाला चेपलेला एक गडू होता, तो कुठं मिळेल? तो तरी काय सांगणार! तो कधीच वितळला होता.

कार्तिकात मला राहवेना. गेलो शिरसोंडीला. मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सहा महिन्यांत उतरली होती. मी शेजारी बसून शेंगा फोडायला लागलो. हातातली शेंग खाली ठेवून ती म्हणाली, "सुका, तिन्हं मुखडं दखास नही."

मला आधी समजलं नाही. मग तिनं हळूहळू सांगितलं. डोळे मिटले की मंदाचा चेहरा आणायचा प्रयत्न करते, तर अचलाचाच दिसतो, ती मोठी टिकली, ते मोठं घर. मंदाचे केस आठवतात, परकराचा रंग आठवतो, चेहऱ्याच्या जागी काही नाही. "नाव घेसू ते कोनं घेसू? मुखडं नही ते ती कशी येई दारशी?"

नाव विसरणं एक, पण चेहराच पुसला जावा? बावीस वर्षं जपलेला? मी चाळीस फुटांवर चढवलेल्या त्या पाइपाकडं बघवेना मला.

"तू तिन्हासंगे खेळे," मावशी म्हणाली. "तुले याद शे का?"

मला याद होती. लख्ख. पण मी "नाही" म्हटलं. का म्हटलं, ते सांगतो. मंदा जायच्या आधीच्या आखाजीला निंबाला झोका बांधला होता. मंदा उतरेना. माझी पाळी होती. मी तिला मागून ढकललं, दोन्ही हातांनी, रागानं. ती दगडावर पडली, डावी भुवई फुटली, रक्ताची धार लागली. मावशी धावत आली आणि मी म्हटलं, हिनंच चालत्या झोक्यावरून उडी मारली. मावशीनं हळद दाबली आणि वर मंदाला दोन थपडा दिल्या. मंदानं माझ्याकडं बघितलं. बोलली नाही. आषाढात ती गेली. तिचा चेहरा आठवायचा म्हणजे मला ते बघणं आठवायचं होतं. बावीस वर्षं मी ते गिळून बसलो होतो. मावशीनं मला माझ्या आईनंतर आई होऊन सांभाळलं, तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

हिवाळा गेला. शिमगा गेला. दुकानात मी ओळीनं सेट लावून ठेवायचो, सगळे एकदम चालू, सगळ्यांत तीच बाई तोच साबण दाखवतेय. पूर्वी ते बघून मला भरल्यासारखं वाटायचं. आता मी अधूनमधून उठून सगळे बंद करायचो. नोकर म्हणायचा, शेठ, गिऱ्हाईक काय बघणार?

त्र्याण्णवची आखाजी आली. न बोलावता पहाटेच निघालो, ऊन चढायच्या आत पोचलो. घर शांत होतं. गोधडी होती तिथंच होती, तिच्यावर मांजर झोपलेलं. घागरीवर सांजोऱ्या होत्या. सुमननं उंबरठा धुतला होता. पुनाआबाही येऊन ओट्यावर बसले होते, गल्लीतल्या दोन-तीन बायाही. चेष्टा करायला नव्हत्या आल्या.

मावशीनं बोट बुडवलं. सासरा. सासू. देर. जीवरामना बाप. चार झाली. पाचव्यांदा बोट वाटीत गेलं आणि तिथंच थांबलं. ती डोळे मिटून बसली. कुंकवाचा एक थेंब बोटावरून उंबरठ्यावर पडला. मला दिसत होतं, ती शोधतेय आणि तिला सापडत नाहीये. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"मावशी," मी म्हटलं. "मंदानं उडी नव्हती मारली. मी ढकललं होतं."

तिनं डोळे उघडले.

"त्या आखाजीला. झोक्यावरून. भुवई फुटली ती माझ्यामुळं. मी तुझ्याशी खोटं बोललो."

ओट्यावरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मला वाटलं, आता वाटी माझ्या तोंडावर येणार, आणि यायलाच हवी होती.

"मी मारी तिले," ती म्हणाली. "दोन थपडा मारी. तिनं तुन्हं नाव नही लिनं?"

"नाही घेतलं. नुसतं माझ्याकडं बघितलं. रक्त डोळ्यात उतरत होतं म्हणून तो डोळा मिटलेला. दुसरा माझ्यावर. खालचा ओठ दातात धरलेला, तो पुढचा अर्धा तुटका दात... रडली नाही. हळद गालावर ओघळली होती."

मावशी ऐकत होती, माझ्या तोंडाकडं टक लावून, जसं काही माझ्याच चेहऱ्यावर ते उमटत होतं. तिनं कुंकवाचं बोट उचललं आणि माझ्या डाव्या भुवईवर टेकवलं.

"आठे?"

"हो मावशी. इथंच."

तिनं डोळे मिटले. एकदम तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती हुंदका देऊन हसली.

"दखायनी," म्हणाली. "दखायनी रे सुका! तुटका दात, मन्ही माय, तुटका दात..."

मग तिनं ते बोट पुन्हा वाटीत बुडवलं आणि उंबरठ्यावर ओढलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाकी चारांहून लांब. आणि कांद्याच्या वावरातून हाक मारायची त्या आवाजात तिनं हाक मारली, "मंदा!"

गोधडीवरचं मांजर उठून बसलं.